अंड्याचा बलक आणि प्रयोगशाळेतील निदान

कोविडच्या साथीत अँटिजेन चाचणीची पांढरी पट्टी सातारा-सांगलीतील घराघरांत परिचयाची झाली. तिच्यावर ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरे असत. साऱ्यांचे डोळे ‘टी’कडे लागलेले. तेथे रेषा उमटली की घरात काळजी शिरत असे. ‘सी’ची रेषा उमटली म्हणजे चाचणी नीट पार पडली, एवढाच अर्थ. तिच्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहिले असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये देशातील पहिला रॅपिड अँटिजेन संच म्हणून ‘स्टँडर्ड क्यू’ला मान्यता दिली, त्या संचातील ही ‘सी’ रेषा उमटत होती ती कोंबडीच्या प्रतिपिंडांमुळे. सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेले कोंबडीचे प्रतिपिंड द्रवाबरोबर पट्टीवरून वाहत जात, ‘सी’पाशी त्यांना पकडणारे दुसरे प्रतिपिंड बसवलेले असत आणि तेथे रंग जमून रेषा दिसू लागे.

कोंबडीचे प्रतिपिंड मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिच्या अंड्यातील पिवळा बलक. या बलकातून निदानाची साधने कशी तयार होतात, प्रयोगशाळांना ती का हवीशी वाटतात आणि पोल्ट्रीच्या शेडमध्ये भांडवल अडकवून बसलेल्या आपल्या भागातील शेतकऱ्याने या विषयाकडे कसे पाहावे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आईची शिदोरी

शरीरात रोगजंतू किंवा परका पदार्थ शिरला की त्याला ओळखून त्याच्याशी घट्ट जखडणारी प्रथिने शरीर तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. ज्या परक्या पदार्थाविरुद्ध ती तयार होतात, तो प्रतिजन. कुलूप आणि किल्लीप्रमाणे ही जोडी जुळते. एका प्रतिजनासाठी घडलेला प्रतिपिंड सहसा दुसऱ्याला दाद देत नाही. प्रयोगशाळेतील अनेक चाचण्या या एका गुणावर उभ्या आहेत. रक्ताच्या थेंबात हजारो प्रकारचे रेणू असताना नेमका हवा तो शोधून काढायचा, तर त्याला ओळखणारा प्रतिपिंड हाती असावा लागतो.

सस्तन प्राण्यांमध्ये आईचे प्रतिपिंड नाळेतून किंवा दुधातून पिलापर्यंत पोहोचतात. पक्ष्यांमध्ये नाळ नाही आणि दूधही नाही. म्हणून कोंबडी आपल्या रक्तातील प्रतिपिंड बलकात साठवते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला पहिले दोन-तीन आठवडे हीच शिदोरी पुरते. पोल्ट्रीचालकांना हे व्यवहारातून ठाऊक असते. पिलांना गंबोरोची लस कितव्या दिवशी द्यायची, हे ठरवताना आईकडून आलेले प्रतिपिंड उतरले आहेत की नाहीत, याचा विचार करावा लागतो. ते भरपूर असतील तर दिलेली लस वाया जाते.

गंबोरोचा विषाणू पिलाच्या ज्या अवयवावर हल्ला करतो, त्या अवयवाने मानवी वैद्यकालाही मोठे ज्ञान दिले आहे. पक्ष्यांच्या विष्ठामार्गाजवळ एक लहान पिशवी असते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांचे तिचे वर्णन १६२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे काम काय, हे मात्र तीन शतकांहून अधिक काळ उलगडले नव्हते. अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की, ही पिशवी लहानपणीच काढून टाकलेल्या कोंबड्यांना प्रतिपिंड तयार करता येत नाहीत. ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात ते संशोधन छापून आले. या पिशवीचे नाव ‘बर्सा’. आज रक्ताच्या अहवालात आपण ज्या ‘बी पेशीं’चा उल्लेख वाचतो, त्यातील ‘बी’ हे अक्षर तिच्यावरूनच आले.

सव्वाशे वर्षांची वाटचाल

बलकातील प्रतिपिंडांचा शोध नवा नाही. धनुर्वात आणि घटसर्प यांवर प्रतिविष देता येते, हे बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, जर्मन वैद्य फेलिक्स क्लेम्पेरर यांनी धनुर्वाताच्या विषाविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक उंदरांना दिला आणि ते उंदीर त्या विषापासून बचावले. मात्र पुढची कित्येक दशके हा प्रयोग ग्रंथालयातच राहिला. घोडा, ससा आणि बकरी यांच्या रक्तातून प्रतिपिंड मिळवण्याची वहिवाट पडून गेली होती.

१९६९ मध्ये लेस्ली आणि क्लेम या संशोधकांनी पक्ष्यांचा हा प्रतिपिंड सस्तन प्राण्यांच्या ‘आयजीजी’ प्रतिपिंडापेक्षा वेगळा असल्याचे दाखवून त्याला ‘आयजीवाय’ हे नाव दिले. बलकातील स्निग्धांश वेगळा काढून प्रतिपिंड मिळवण्याच्या सोप्या पद्धती १९८० च्या सुमारास पुढे आल्या आणि जगभरातील प्रयोगशाळांचे लक्ष पुन्हा अंड्याकडे वळले. युरोपातील पर्यायी चाचणी पद्धतींच्या केंद्राने १९९६ मध्ये तज्ज्ञांच्या कार्यशाळेद्वारे या पद्धतीचा पुरस्कार केला. स्वित्झर्लंडच्या पशुवैद्यकीय खात्याने १९९९ मध्ये तिला प्राण्यांचा त्रास कमी करणारी पर्यायी पद्धत म्हणून मान्यता दिली.

लस ते बलक

प्रत्यक्ष कृती ऐकायला सोपी वाटते. अंड्यावर येणाऱ्या किंवा नुकत्याच आलेल्या निरोगी तलंगा निवडल्या जातात. ज्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड हवे असतील, तो शुद्ध केलेला प्रतिजन अत्यल्प प्रमाणात, प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या सहायक द्रव्यात मिसळून कोंबडीच्या छातीच्या स्नायूत टोचतात. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दोन-तीन मात्रा देतात. रक्तात तयार झालेले प्रतिपिंड बलकात उतरायला पाच-सहा दिवस लागतात. त्यानंतर येणारे प्रत्येक अंडे तारीख आणि कोंबडीचा क्रमांक टाकून जपून ठेवले जाते.

पुढचे काम प्रयोगशाळेतले. अंडे फोडून पांढरा भाग पूर्णपणे वेगळा करतात. बलकावरील पातळ पापुद्रा टोचून आतील द्रव गोळा करतात. या द्रवात स्निग्ध पदार्थ भरपूर असतात आणि तेच खरी अडचण. एका पद्धतीत बलक सुमारे दसपट पाण्यात मिसळून, मिश्रण किंचित आम्लधर्मी करून रात्रभर थंडाव्यात ठेवतात. स्निग्ध प्रथिने तळाशी बसतात आणि प्रतिपिंड वरच्या निवळीत राहतात. दुसऱ्या पद्धतीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत आधी स्निग्धांश आणि मग प्रतिपिंड खाली बसवतात. त्यानंतर गाळणे, शुद्धता तपासणे आणि शीतकपाटात साठवणे. योग्य रीतीने ठेवलेले हे प्रतिपिंड चार अंश तापमानात दीर्घकाळ टिकतात.

एका अंड्याच्या बलकात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम प्रतिपिंड असतात. सशाच्या रक्तातून एका वेळी सुमारे २०० मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे तीन-चार अंडी आणि सशाचे एकदा काढलेले रक्त यांचा हिशेब जवळपास सारखा होतो. फरक असा की सशाला सुईला सामोरे जावे लागते आणि रक्त काढण्याला मर्यादाही असते. कोंबडी मात्र आठवड्याला पाच-सहा अंडी देतच राहते.

अहवाल चुकतो कोठे?

केवळ प्रमाण आणि सोय एवढ्यावरच या पद्धतीचे महत्त्व संपत नाही. रुग्णाच्या दृष्टीने खरी बाब आहे ती अहवालाच्या अचूकतेची.

मिरज हे पश्चिम महाराष्ट्राचे आणि उत्तर कर्नाटकाचे जुने वैद्यकीय केंद्र. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कराडलाही कृष्णा रुग्णालयाच्या रूपाने मोठे केंद्र उभे राहिले. अशा गावांतील प्रयोगशाळांमध्ये रोज असंख्य रक्तनमुने तपासले जातात. त्यांतील अनेक चाचण्या ‘सँडविच’ पद्धतीच्या असतात. खाली एक प्रतिपिंड बसवलेला असतो. तो रक्तातील हवा तो रेणू पकडतो. मग वरून रंग देणारा दुसरा प्रतिपिंड येऊन त्याच रेणूला चिकटतो. दोन पावांच्या मध्ये सारण असावे तसे. रंग दिसला म्हणजे रेणू आहे, असा निष्कर्ष निघतो.

घोटाळा होतो तो मधे सारण नसतानाही दोन पाव एकमेकांना चिकटले तर. संधिवाताच्या अनेक रुग्णांच्या आणि काही निरोगी वृद्धांच्याही रक्तात ‘आरए फॅक्टर’ नावाचा घटक असतो. तो सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडांच्या शेपटाला चिकटतो. चाचणीतील दोन्ही प्रतिपिंड सशाचे किंवा उंदराचे असतील, तर हा घटक त्यांच्यात पूल बांधतो आणि मूळ रेणू नसतानाही रंग उमटतो. काहींच्या रक्तात उंदराच्या प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड असतात. त्यांच्यामुळेही असाच गोंधळ होतो. नसलेला आजार कागदावर उमटणे म्हणजे पुढच्या तपासण्यांचा खर्च, अनावश्यक औषधे आणि घरभर पसरलेली चिंता.

कोंबडीच्या प्रतिपिंडाची ठेवण वेगळी असल्याने आरए फॅक्टर त्याला चिकटत नाही. मानवी रक्तातील पूरक प्रथिनांची साखळीही त्याच्यामुळे सुरू होत नाही. उत्क्रांतीत पक्षी आपल्यापासून दूर गेलेले असल्याचा हा लाभ आहे. दुसरा लाभही त्यातूनच येतो. माणसाची कित्येक प्रथिने सशाच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की सशाचे शरीर त्यांना परके मानायलाच तयार नसते. कोंबडीला मात्र ती चटकन परकी वाटतात आणि ती जोमाने प्रतिपिंड तयार करते. मूत्रपिंडाचे काम कितपत चालले आहे, हे सांगणाऱ्या ‘सिस्टॅटिन सी’ या प्रथिनाच्या मोजणीसाठी नॉर्वेतील जेन्शियन कंपनीने पक्ष्यांच्या प्रतिपिंडांवर आधारित चाचणी बाजारात आणली, ती याच गुणांमुळे.

अर्थात, हा रामबाण उपाय नव्हे. काही व्यक्तींच्या रक्तात कोंबडीच्या प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंड असू शकतात. प्रयोगशाळांत प्रतिपिंड शुद्ध करण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘प्रोटीन ए’ आणि ‘प्रोटीन जी’ ही साधने आयजीवायला पकडू शकत नाहीत, त्यामुळे शुद्धीकरणाची वेगळी व्यवस्था करावी लागते. शिवाय एका अंड्यातील सर्वच प्रतिपिंड कामाचे नसतात. कोंबडीला राणीखेत, गंबोरो अशा रोगांच्या लसी आधीच दिलेल्या असतात, त्यांचेही प्रतिपिंड बलकात असतात. आपल्याला हव्या त्या प्रतिजनाविरुद्धचा वाटा साधारण दोन ते दहा टक्के भरतो.

शिराळ्याचे घोडे आणि अंड्यातील प्रतिविष

प्रतिपिंडांचा उद्योग या भागाला अगदीच अपरिचित नाही. नागपंचमीमुळे सर्वदूर ठाऊक असलेल्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार करते. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंड तयार होऊ द्यायचे आणि रक्तातून ते वेगळे काढायचे, ही शतकभराची प्रस्थापित रीत. याच पद्धतीने कोविडवरील औषध विकसित केल्याचे आणि त्याच्या मानवी चाचण्या सुरू असल्याचे या कंपनीकडून २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा शिराळ्याचे नाव देशभर गेले होते.

मग घोड्याऐवजी कोंबडी का नको? हा प्रश्न संशोधकांनाही पडला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील संशोधकांनी घोणसवर्गीय सापाच्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड अंड्याच्या बलकातून वेगळे काढण्याची सुधारित पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु माणसाच्या शिरेत टोचायचे औषध आणि काचेच्या नळीत वापरायचे साधन यांत मोठे अंतर आहे. औषधाला सुरक्षिततेच्या आणि परिणामकारकतेच्या दीर्घ परीक्षेतून जावे लागते. सर्पदंशाच्या रुग्णाला आजही घोड्यापासून तयार केलेले प्रतिविषच दिले जाते. चाचणीसाठी वापरलेला प्रतिपिंड मात्र रुग्णाच्या शरीरात जातच नाही. बलकातील प्रतिपिंडांचे पाऊल आधी प्रयोगशाळेत पडले, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेडमधला हिशेब

सांगली जिल्ह्यातील विटा आणि परिसर पोल्ट्रीसाठी प्रसिद्ध आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. एकीकडे कोंबड्या आणि त्या सांभाळण्याचा अनुभव, दुसरीकडे पशुवैद्यकाचे शिक्षण, शिराळ्यात प्रतिविषाचा कारखाना आणि मिरज-कराडला रुग्णालये. नकाशावर पाहता सारे काही जुळून आल्यासारखे वाटते. ‘बाजारात काही रुपयांना जाणारे अंडे प्रयोगशाळेला हजारोंना विकले जाईल’ असे स्वप्न एखाद्याने दाखवले, तर त्याला भुलणारे कमी नसतील.

येथेच सावध होण्याची गरज आहे. कडकनाथ कोंबडीचे प्रकरण या दोन जिल्ह्यांनी विसरू नये. पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत खरेदी करू, अशा हमीवर शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. २०१९ मध्ये व्यवहार कोसळला, फसवणुकीच्या तक्रारी झाल्या आणि वाळवा तालुक्यातील इस्लामपूर (आजचे ईश्वरपूर) येथील कंपनीविरुद्ध गुन्हे दाखल झाले. कोंबडी खरी होती, अंडीही खरी होती. नव्हता तो सांगितलेला ग्राहक.

प्रतिपिंडांच्या बाबतीत ग्राहकाचा हिशेब आधी मांडून पाहावा. कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. एका अंड्यामागे सरासरी ७० मिलिग्रॅम धरले तर वर्षाचे २१ ग्रॅम प्रतिपिंड होतात. त्यातील पाच टक्के कामाचे धरले तर एक ग्रॅमहून थोडे अधिक. एलायझा चाचणीच्या एका खळग्याला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम प्रतिपिंड लागतो. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. शुद्धीकरणात निम्मे वाया गेले असे मानले, तरी एका कोंबडीच्या वर्षभराच्या अंड्यांतून सुमारे दहा लाख खळग्यांची सोय होते. एखाद्या मोठ्या संच उत्पादकालाही एका चाचणीसाठी हजारो पक्षी लागणार नाहीत. दहा-वीस कोंबड्यांचा छोटा कळप त्याची गरज भागवील.

मूल्य अंड्याचे नसून त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाचे आहे. शुद्ध प्रतिजन मिळवणे, प्रत्येक कोंबडीची नोंद ठेवणे, प्रत्येक खेपेचे प्रतिपिंड सारख्याच ताकदीचे आहेत हे सिद्ध करणे, यांतच सारे भांडवल आणि कौशल्य जाते. कायद्याची चौकटही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर केंद्रीय समितीची देखरेख असते. अशा संस्थेची नोंदणी आणि तिची स्वतःची नैतिकता समिती आवश्यक ठरते. रोगनिदानाचे संच २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात आणि त्यांच्या उत्पादनाला परवाना लागतो. घरामागच्या खुराड्यात करण्याचे हे काम नव्हे.

कळपाच्या आरोग्याचा प्रश्न वेगळाच. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ च्या जानेवारीतही राज्यात त्याने डोके वर काढले होते. प्रतिपिंडांसाठी राखलेला कळप असा गेला, तर त्या विशिष्ट खेपेचे प्रतिपिंड पुन्हा तसेच मिळतील याची शाश्वती नसते, कारण प्रत्येक कोंबडीचा प्रतिसाद निराळा असतो. म्हणूनच असे पक्षी सामान्य पोल्ट्रीपासून दूर, बंदिस्त आणि काटेकोर स्वच्छतेत ठेवले जातात.

दोन शंका, दोन उत्तरे

या विषयावर बोलताना दोन प्रश्न हमखास निघतात. लस टोचलेल्या कोंबड्यांची अंडी आपल्या ताटात तर येत नाहीत ना? प्रतिपिंडांसाठी राखलेली अंडी थेट शुद्धीकरणाला जातात आणि त्यांची किंमत पाहता ती बाजारात पाठवणे उत्पादकाला परवडणारेही नाही. दुसरा प्रश्न असा की, अंडी खाऊन हे प्रतिपिंड आपल्याला मिळतील का? अंडे उकडताना किंवा तळताना उष्णतेने ते निकामी होतात. कच्च्या बलकातील बराचसा भाग जठरातील आम्लात आपला गुण गमावतो आणि कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचा धोका राहतो तो निराळाच. अंडे हे उत्तम अन्न आहे, पण ते लसीची जागा घेऊ शकत नाही.

प्राण्यांच्या वेदनेचा विचार करणाऱ्यांसाठी ही पद्धत पुढचे पाऊल आहे, अखेरचा मुक्काम नव्हे. रक्त काढण्याचा त्रास टळतो, परंतु इंजेक्शन आणि सहायक द्रव्यांमुळे होणारी सूज कोंबडीलाही सोसावी लागते. युरोपीय संघाच्या पर्यायी चाचणी पद्धतींच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये त्याही पुढे जाऊन प्राण्यांचा वापर न करता, जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेतच घडवलेले प्रतिपिंड वापरावेत, अशी शिफारस केली. जग त्या दिशेने सरकत आहे. तरीही जेथे अशा तंत्राचा खर्च पेलत नाही आणि स्थानिक आजारांसाठी थोड्या प्रमाणात पण खात्रीचे प्रतिपिंड हवे असतात, तेथे अंड्याचा मार्ग आजही व्यवहार्य आहे.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ सरळ आहे. ही संधी पशुवैद्यक महाविद्यालये, वैद्यकीय महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि परवानाधारक उत्पादक यांनी एकत्र येऊन साधण्याची आहे. पोल्ट्रीचालकाला त्यात स्थान आहे, ते निरोगी तलंगा आणि काटेकोर नोंदी पुरवणारा जाणकार म्हणून. कोणी ‘औषधी अंड्यां’ची योजना घेऊन दारात आला, तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रतिजन कोणता, परवाना कोणाचा आणि माल घेणारी प्रयोगशाळा कोणती? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत शेडमधील अंडी नेहमीच्या व्यापाऱ्यालाच देणे शहाणपणाचे ठरेल.